मांडी आणि अढळपद

ध्रुवाची कथा आम्ही किती वर्गांना सांगितली असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. आम्ही दोघांनीही उभी हयात मराठी शिकवण्यात घालवली, आणि पौराणिक संदर्भ समजावून देण्याची वेळ आली की ध्रुव हटकून येई. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला. ध्रुवालाही तिथे बसावेसे वाटले. सुरुचीने त्याला अडवले. पोर रानात गेले, त्याने तप केले आणि जिथून कोणी उठवणार नाही असे पद मिळवले. कथेचा अर्थ सांगताना एक वाक्य आमच्या तोंडी ठरलेले असे : ज्याला मांडी नाकारली गेली, त्याला अढळपद मिळाले. म्हणजे मांडी हे मूळचे सुख आणि अढळपद ही त्याची भरपाई. वर्गातल्या कोणीही याला कधी हरकत घेतली नाही, आणि आम्हालाही ते वाक्य पुन्हा तपासावेसे वाटले नाही. तशी वेळ आली मागच्या मार्गशीर्षात, आणि तीही एका टोपलीवजा प्लॅस्टिकच्या आसनामुळे. आमची लेक त्याला 'कार सीट' म्हणते.

आमचे घर रोहिणखेडला. बुलढाणा जिल्ह्यात माणसाची पहिली विचारपूस 'घाटावरचे की घाटाखालचे' अशी होते. आम्ही घाटाखालचे, मोताळा तालुक्यातले. गावाला इतिहास आहे तोही या घाटानेच दिलेला. पठारावरून मैदानात उतरणारी वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुलूख, असा काळ होता. म्हणून १४३७ साली बहमनी आणि खानदेशच्या फौजा इथे भिडल्या, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बुऱ्हाण निजामशहाने जमालखानाचा पाडाव करून अहमदनगरची गादी मिळवली तीही याच गावाजवळ. गावातली सोळाव्या शतकातली मशीद त्या दिवसांची साक्ष देत उभी आहे. आता फौजा उतरत नाहीत. कापसाच्या गाड्या, दुचाक्या, एसटी आणि बाळंतिणी उतरतात.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बुलढाण्याच्या एका दवाखान्यात ती सुखरूप प्रसूत झाली आणि घरी निघण्याचा दिवस आला. आमच्यातली जी आता आजी झाली होती, तिने त्या दिवसाची तयारी सहा महिने आधीपासून केली होती. जुन्या सुती लुगड्यांची मऊ दुपटी, कुंची, झबली, आणि या सगळ्यांहून महत्त्वाची म्हणजे स्वतःची मांडी. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे, बाळाचे डोके कोपराच्या खोबणीत घ्यायचे, पदराने ऊन अडवायचे आणि घाटाच्या वळणांवर अंगानेच धक्के सोसायचे, असा तो मनोमन ठरलेला बेत होता. दवाखान्याच्या दारात गाडी आली तेव्हा त्या जागी ते आसन घट्ट बसवलेले होते. जावयांनी पुण्याहून ते आणले होते. आसनाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, पाठ चालकाकडे. लेकीने बाळाला त्यात ठेवले, दोन खांद्यांवरून आणि दोन कमरेवरून येणारे पट्टे मधल्या कुलपात अडकवले, खेचले आणि म्हणाली, "आई, तू शेजारी बैस."

शेजारी! ज्या शब्दात इतका आपलेपणा आहे तोच शब्द इतका परका वाटू शकतो, हे आम्हाला तेव्हा कळले. आजीबाई बसल्या, पण घाट उतरून गाव येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घरी दारात भाकरतुकडा ओवाळून झाला आणि आमच्या वृद्ध मातोश्रींनी, म्हणजे बाळाच्या पणजीने, गाडीत डोकावून पाहिले. त्यांनी सगळ्यांच्या मनातले बोलून टाकले : "लेकराले असं बांधून आणतात काय वं? चोर हाय का ते?"

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते, कारण तो प्रश्न भाषेतूनच आलेला होता. आपल्याकडे मूल कडेवर असते, खांद्यावर असते, पाठुंगळी असते, कुशीत असते. शेतात असले तर बाभळीच्या फांदीला टांगलेल्या झोळीत असते. या प्रत्येक शब्दात एक माणसाचे अंग किंवा निदान माणसाचे वस्त्र आहे. 'बांधणे' हे क्रियापद मात्र आपण जनावराला, गाठोड्याला आणि गुन्हेगाराला वापरतो. बाळाला बांधल्याची जी एक थोर कथा आपल्याकडे आहे, ती यशोदेची. आणि तिथेही ती शिक्षा आहे. उखळाला बांधायला घेतलेला दोर दरवेळी दोन बोटे कमी पडतो, आणि आईची दमछाक पाहून बाळच शेवटी बांधून घेते. त्यावरून त्याचे नाव दामोदर. पाठीशी मूल बांधून घोड्यावर निघालेली झाशीची राणी पुतळ्यांतून आपण सगळ्यांनी पाहिली आहे. योगायोग असा की त्या मुलाचेही नाव दामोदरच. तिने मुलाला बांधले, कारण तिला ठाऊक होते की हात लगाम आणि तलवारीत गुंतलेले असताना कुशी पुरणार नाही. पण हा अर्थ आम्हाला नंतर सुचला. त्या दिवशी आम्ही पणजीच्या बाजूचे होतो.

रात्री जेवणानंतर आजीने लेकीला विचारलेच. "माझ्या हातांवर तुझा विश्वास नाही का?" लेक काही क्षण बोलली नाही. मग तिने आपली उजवी भुवई बोटाने वर केली आणि म्हणाली, "आई, ही खूण कशाची?"

त्या खुणेबद्दल इथे सांगायला हवे. लेक आठ महिन्यांची असताना आम्ही एका लग्नाहून प्रवासी जीपने परतत होतो. गाडीत दाटीवाटीने माणसे बसलेली, आम्ही दोघे पुढे, लेक आईच्या मांडीवर. घाटातल्या एका वळणावर समोर गुरे आली, चालकाने करकचून ब्रेक दाबला, आणि पोर आईच्या हातांतून निसटून समोरच्या फळीवर आदळले. भुवईवर तीन टाके पडले. डोळा वाचला. पुढे घरात ही गोष्ट हसत सांगितली जाऊ लागली : आम्ही तिला गालावर तीट लावली, जीपने भुवईवर लावली. पाहुण्यांना, सोयरिकीच्या वेळी वरपक्षाला, शाळेतल्या सहकाऱ्यांना हीच गोष्ट, हाच विनोद. हसणाऱ्यांत आम्ही दोघेही असू. मात्र आमच्यातली एक हसून झाल्यावर उठून आत जात असे, हे दुसऱ्याच्या ध्यानात यायला तीस वर्षे लागली. तिचे म्हणणे एवढेच होते, आणि ते तिने त्या रात्री प्रथमच उघड बोलून दाखवले, की मी तिला दोन्ही हातांनी धरले होते. घट्ट धरले होते. तरी सुटली. म्हणजे माझेच कुठेतरी चुकले.

लेकीने दिनदर्शिकेचे जुने पान पालथे केले आणि गणित मांडले. ते आम्ही जसेच्या तसे इथे देतो, कारण आम्हा वाङ्मयाच्या माणसांना आकड्यांचा कंटाळा असतो आणि तो कंटाळा कधीकधी महाग पडतो. समजा जीप ताशी ३० किलोमीटर वेगाने चालली होती. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. जीप थांबते, पण मांडीवरचे मूल त्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला थांबवण्याचे काम आईच्या हातांचे. हे काम एक दशांश सेकंदात व्हायला हवे असेल, तर आठ किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी सुमारे ६८ किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. म्हणजे एक धडधाकट माणूस अचानक हातांत फेकला जावा आणि तो हातांनी जागच्या जागी झेलावा. शिवाय एक दशांश सेकंद ही अवधी इतकी थोडी, की काय घडते आहे हे मेंदूला उमगून हात आवळले जाण्याआधीच ती सरते. वेग ताशी ५० किलोमीटर धरला तर कालच जन्मलेले तीन किलोचे बाळही ४२ किलोंचे होते. आणि त्या वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे.

"आई," ती म्हणाली, "तुझे हात कमी पडले नाहीत. कोणाचेच पुरले नसते."

आम्ही त्या पानाकडे बराच वेळ पाहत होतो. साहित्याच्या अध्यापनात 'दोषमुक्ती' हा शब्द आम्ही शोकांतिकेच्या संदर्भात अनेकदा वापरला असेल. एका पालथ्या पानावरच्या गुणाकाराने ती मिळू शकते, असे कधी वाटले नव्हते. ज्या आसनाने सकाळी मांडीचा अपमान केला होता, त्यानेच रात्री त्या मांडीवरचा तीस वर्षांचा आळ उतरवला.

पुढचे काही दिवस आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, जुनी सवय. तेव्हा कळले की मांडीशी भांडण आमच्याच घरात झाले असे नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकातच मोटारीत मुलांसाठी आसने मिळू लागली होती. पण त्यांचा हेतू मुलाला उंच बसवून आईबापांच्या नजरेसमोर ठेवणे हा होता, अपघातात वाचवणे हा नव्हता. नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने तीन बिंदूंचा पट्टा १९५९ साली दिला, तो मोठ्यांसाठी. लहानांचा विचार त्याच देशातल्या बर्टिल आल्डमन या वैद्यकाने १९६० च्या दशकात केला. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा भार पाठीवर घेऊन पडून असतात, हे पाहून त्याला सुचले की मुलालाही प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसवावे. पुढे अमेरिकेच्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने चिकाटीने पाठपुरावा केला, आणि मुलांना अशा आसनात बसवणे सक्तीचे करणारा तिथला पहिला कायदा १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. पण विधिमंडळाने त्यात एक सवलत घुसडली होती : मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर चालेल. म्हणजे मांडी तिथेही कायद्याहून प्रबळ ठरली होती. ती सवलत काढून टाकायला १९८१ साल उजाडले. हे वाचून आमच्या पणजीबाईंना जगात एकटे समजण्याचे कारण उरले नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालकांसाठीच्या आसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड, असे ते सांगते. कायदा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि आम्ही ज्यांना विचारले त्यांतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने सुरू झाली ती ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. आपल्याकडे समज असा, की मागची जागा ही मानाची आणि म्हणून सुरक्षित. मान आणि सुरक्षितता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे गाडीला कोण समजावणार?

हे सर्व वाचून आम्ही शहाणे झालो, असे मात्र म्हणता येणार नाही. जावई पुण्याला परतले, आसन आमच्या जुन्या गाडीत बसवले गेले, आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या आमच्याकडे आल्या. आम्ही केलेल्या चुका क्रमाने सांगतो. कारण आसन विकत घेण्याने अर्धेच काम होते, हे आम्हाला त्या चुकांनीच शिकवले.

पहिली चूक आजोबांची. बाळाला बिचाऱ्याला काय दिसते, नुसती सीटची पाठ! रस्ता दिसू दे, झाडे दिसू देत, म्हणून त्यांनी आसन पुढे तोंड करून बसवले. लेकीने ते पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या साधारण चौथा हिस्सा असते. मान मात्र अजून धरलेली नसते. तोंड पुढे असताना गाडी थांबली की धड पट्ट्यांनी रोखले जाते आणि ते जड डोके तेवढे पुढे झेपावते; सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असले की डोके, मान आणि पाठ ही तिन्ही एकदम आसनाच्या पाठीत दाबली जातात, जसा आपण हात पसरून पूर्ण तळव्याने चेंडू झेलावा. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी दोन वर्षांपर्यंत मूल मागे तोंड करून बसवा म्हणे, आणि २०१८ पासून ती म्हणते की आसनावर लिहिलेली वजनाची किंवा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत तसेच बसवा. आजोबांची पर्यायी सूचना होती, की मग आसन पुढे चालकाशेजारी ठेवू, निदान लक्ष तरी राहील. तीही बाद झाली. समोर एअरबॅग आहे. ती फुगते ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी, आणि मागे तोंड केलेल्या आसनाच्या पाठीवर तिचा आघात झाला तर वाचवणारीच वस्तू जिवावर उठते.

दुसरी चूक आजीची. थंडीचे दिवस, घाटाखालीसुद्धा पहाटे गारठा. बाळाला स्वेटर, त्यावर जाड दुपटे, आणि त्या सगळ्यावरून पट्टे. लेकीने काही न बोलता पट्टे तसेच ठेवून बाळाला बाहेर काढले, दुपटे सोडवले, पुन्हा बसवले आणि तेच पट्टे अडकवले. आत मूठ जाईल इतकी ढील होती. अपघातात दुपट्यातली हवा क्षणात दबते आणि तेवढ्या फटीतून बाळ निसटते. तेव्हा पट्टे पातळ कपड्यांवर, अंगालगत; पांघरूण नंतर, पट्ट्यांच्या वरून. ढील तपासायची ती अशी : खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करायचा, चिमटीत घडी सापडली तर पट्टा सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, आणि छातीवरचा चाप असेल तर तो काखेच्या उंचीवर असावा, पोटावर नव्हे. यशोदेचा दोर दोन बोटे कमी पडत होता. आमचा दोन बोटे जास्त होता. दोहोंचे कारण एकच, बाळाला आवळावेसे वाटत नाही.

तिसरी चूक दोघांची. गाडीच्या पट्ट्याने आसन बांधताना तो ठरलेल्या खाचेतून नेला होता, पण हाताच्या जोराने जेवढा ताणेल तेवढाच ताणला होता. आसनावर गुडघ्याचा भार देऊन पट्टा ओढायचा असतो. मग जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवल्यावर आसन इंचभराहून अधिक सरकता कामा नये. तान्ह्यासाठी ते पुरेसे मागे कललेले असावे. फार उभे असले तर झोपेत हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो. याच कारणाने, घरी आल्यावर बाळ झोपले आहे तर झोपू दे म्हणून ते तसेच आसनात ठेवणे हीसुद्धा चूकच, आणि तीही आम्ही एकदा केली. आसन प्रवासापुरते. झोपेला पाळणा आहे, सपाट अंथरूण आहे.

या विषयावर बोलताना एक अडचण मनात राहतेच, आणि ती टाळून लेख पुरा करणे अप्रामाणिक होईल. आमच्या गावात जन्मणारी किती बाळे मोटारीतून घरी येतात? बरीच दुचाकीवर येतात. दोघांच्या मध्ये, शालीत गुंडाळलेली. कित्येक रिक्षातून, एसटीतून. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी गाडी बाळ-बाळंतिणीला मोफत घरी सोडते. ही मोठीच सोय आहे, पण त्या गाडीत बाळासाठी वेगळे आसन आम्ही तरी पाहिलेले नाही. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला पट्टा, नऊ महिन्यांवरच्यांना शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम २०२२ साली निघाला आणि २०२३ पासून लागू झाला. रस्त्यावर तो शोधावा लागतो. अशा ठिकाणी काही हजारांच्या आसनाची महती गाणे हे पोट भरलेल्याने उपासाचे गुण सांगण्यासारखे वाटू शकते.

तरी आम्हाला वाटते, की गरिबी आणि समज यांची गल्लत करू नये. ज्यांच्या दारात आठ-दहा लाखांची गाडी उभी आहे, त्या गाडीतही मूल मांडीवरच असते, आणि बहुधा पुढच्या सीटवर. आमच्या जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. तिथे ताशी १०० किलोमीटरने गाडी हाकणे ही आता साधी गोष्ट. लेकीच्या गणितात वेग दुप्पट झाला की पडण्याची उंची चौपट होते : दहा मीटरांचे चाळीस मीटर. बैलगाडीच्या वेगाला मांडी पुरेशी होती. दमणी उलटली तरी मूल गवतात पडे. आपला वेग बदलला. आपली कुशीची कल्पना मात्र दमणीतच बसून राहिली. आणि ज्यांच्याकडे आसन नाही, त्यांनाही एवढे तरी करता येईल : मूल पुढे न घेता मागे घ्यावे, स्वतःचा आणि मुलाचा मिळून एकच पट्टा लावू नये, कारण धक्क्यात आईच्याच भाराने मूल चिरडते, आणि वेग कमी ठेवावा. अमेरिकी रस्तेसुरक्षा यंत्रणेचा अंदाज आहे, की मोटारीत नीट बसवलेल्या आसनाने वर्षाखालच्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी घटतो. तिथे बाळंतपणाला गेलेल्या आमच्या ओळखीच्या एका बाई सांगत होत्या, की दवाखान्यातली परिचारिका आसन पाहिल्याशिवाय बाळ घरी सोडायला तयार नव्हती. "मी मेली एवढी सातासमुद्रापार मांडी घेऊन गेले होते," असे त्या म्हणाल्या. आम्ही हसलो, आजी या वेळी उठून आत गेली नाही.

मराठीत या वस्तूला काय म्हणावे, यावर आमची बरीच चर्चा झाली. 'बालासन' फार योगासनासारखे वाटते. 'शिशुसुरक्षासन' उच्चारताना दात हलतात. पणजीबाईंनी मात्र आपला शब्द केव्हाच शोधला होता. पहिल्या दिवशी चोराची उपमा देणाऱ्या त्या, महिन्याभराने गाडी निघताना लेकीला विचारू लागल्या, "खोप्यात ठेवलं का त्याले?" खोपा म्हणजे सुगरणीचा. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारा, वाऱ्याने हेलकावणारा, पण फांदीला असा विणलेला की वादळात फांदी तुटेल, खोपा सुटायचा नाही. पारिभाषिक संज्ञा घडवणाऱ्या समित्यांनी अशा बायांना बोलवायला हवे होते.

सव्वा महिना झाला, मग तीन महिने झाले. लेक सासरी निघाली. जावई आले, आसन पुन्हा त्यांच्या गाडीत बसले, गुडघा देऊन, हलवून पाहून. आम्हीही बुलढाण्यापर्यंत सोबत निघालो. घाट चढताना आजी बाळाच्या शेजारी बसली होती. बाळाने तिचे एक बोट मुठीत धरले होते. ती खिडकीबाहेर पाहत नव्हती, दोन्ही हात आवळून बसली नव्हती, वळण आले की पायांनी जोर देत नव्हती. धरण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतले होते. तिच्या हाताला नुसते असण्याची मोकळीक होती. त्या वळणावर, जिथे तीस वर्षांपूर्वी गुरे आडवी आली होती, लेकीने मागे वळून आईकडे पाहिले. दोघी काही बोलल्या नाहीत. बाळ झोपले होते.

ध्रुवाची कथा आता वर्गात सांगण्याचा प्रसंग आमच्यावर येणार नाही. आला, तर ते ठरलेले वाक्य आम्ही गाळू. त्या पोराने रानात काय मागितले असेल, याचा आम्ही नव्याने विचार करतो. बापाची मांडी त्याने पाहिली होती. तिच्यावरून कोणीही कोणालाही उठवू शकते, हेही पाहिले होते. त्याने मागितली ती मांडीची भरपाई नसावी. मांडीला जे देता येत नाही, नेमके तेच त्याने मागितले असावे.